नोकरी सोडली, छापखाना सोडला, ४१ व्या वर्षी सिनेमा शिकायला लंडन गाठलं. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळकेंनी जोखीम कशी पेलली?

त्र्यंबकेश्वर म्हटलं की ज्योतिर्लिंग, कुशावर्त आणि ब्रह्मगिरीची फेरी आठवते. भारतीय सिनेमाचे जनक मानले जाणारे दादासाहेब फाळके याच गावचे. चित्रपटसृष्टीतला देशाचा सर्वोच्च पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

‘कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा’ हा सल्ला हल्ली पदोपदी मिळतो. फाळके तर आयुष्यात अनेकदा बाहेर पडले. पण प्रत्येक वेळी नेमकं काय केलं, तयारी कशी केली आणि त्याची झळ कोणाला बसली? जाणून घेऊया.

शास्त्रीबुवांचा मुलगा कलाशाळेत कसा गेला?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित आणि पौरोहित्य करणारे. मुलानेही तीच वाट धरणं स्वाभाविक होतं. पण वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईला आलं आणि धुंडिराज यांनी १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले.

गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. मात्र प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावलं. तिथली घडी मोडली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

सरकारी नोकरी का सोडली?

१९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. दरमहा पगार, सरकारी शिक्का, घरात दुसरी पत्नी सरस्वतीबाई. सगळं मार्गी लागलं होतं. पण ते स्वदेशी चळवळीचे दिवस होते. फाळके यांनी नोकरी सोडून लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं. नंतर मुंबईत भागीदारीत छापखाना उभा राहिला. रंगीत छपाईचं नवं तंत्र शिकण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. धंद्याने जोर धरला, पण भागीदारांशी बिनसलं. चाळिशी ओलांडलेले फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले.

एका सिनेमाने काय बदललं?

१९११ मध्ये मुंबईतल्या तंबूतल्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. असेच राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पछाडलं. जमेल तितके सिनेमे पाहणं आणि रात्री-रात्री वाचन सुरू झालं. ताण इतका वाढला की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनंतर ती परत आली आणि ते पुन्हा त्याच कामाला लागले.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे ओळखीचं कोणी नव्हतं. एका सिनेसाप्ताहिकाच्या संपादकांची त्यांनी स्वतःहून गाठ घेतली. त्यांच्या मदतीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ पाहायला मिळाला. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र खरेदी करून ते दोनेक महिन्यांत परतले.

वाटाण्याच्या रोपाचा प्रयोग काय होता?

मोठ्या चित्रपटाला हात घालण्याआधी फाळके यांनी छोटी चाचणी घेतली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. आजच्या भाषेत हा टाइमलॅप्स व्हिडिओ! यातून यंत्र नीट चालतं याची खात्री पटली आणि पैसे देणाऱ्यांना दाखवायला पुरावाही मिळाला.

घराने काय मोजलं?

कर्ज पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्या काळी कच्च्या फिल्मला छिद्रं नसत. ती अंधारात, एकाच मापाने पाडावी लागत, नाहीतर फिल्म कॅमेऱ्यात अडकायची. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणं आणि सगळ्या चमूचा स्वयंपाक हेही त्यांच्याकडेच होतं. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी स्त्री कलाकार मिळेना, तेव्हा हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली गेली.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि चालला. त्याआधी, १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ आला होता. मात्र ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण असल्याने पहिल्या भारतीय कथापटाचा मान सहसा ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो.

बोलपट आल्यावर काय झालं?

यशानंतर फाळके मुंबई सोडून नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या. ‘लंका दहन’ तुफान चालला. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पुन्हा मतभेद झाले, फाळके काशीला निघून गेले आणि काही काळाने परतले.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी फाळके यांचा ‘सेतुबंधन’ आला, तो मूकपट म्हणून. नंतर त्याला आवाज जोडावा लागला. मूकपटाचं तंत्र त्यांनी शून्यातून इथे रुजवलं होतं आणि आता तेच त्यांचं सवयीचं घर झालं होतं. तरी ते एकदा त्यातूनही बाहेर पडले. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला. तोच शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

यातून काय घ्यायचं?

फाळके यांची प्रत्येक उडी यशस्वी झाली नाही. पण सिनेमाची उडी आंधळी नव्हती. चित्रकला, फोटोग्राफी आणि छपाईत घालवलेली वर्षं तिथे कामी आली. ते आधी शिकले, मग वाटाण्याच्या रोपावर चाचणी घेतली आणि त्यानंतर मोठा चित्रपट हाती घेतला. शिवाय जोखीम एकाची दिसत असली, तरी ओझं अख्ख्या घराने उचललं होतं. नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच दोन गोष्टी आधी पाहाव्यात: आपलं वाटाण्याचं रोप कोणतं, आणि घरातल्यांशी मोकळेपणाने बोलणं झालं आहे का?