कर्ज कोणाच्या दारी?

ठेवी वाढल्या की बँकांची कर्जे वाढतात, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ होय. परंतु वाढलेले कर्ज कोणाच्या दारी पोचते, हा प्रश्न त्या पाठात येत नाही. तो प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे धनंजयराव गाडगीळ.

१९०१ साली जन्मलेल्या गाडगीळांचे उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. सिद्धांत प्रत्यक्ष पाहणीच्या कसोटीवर घासून घेण्याची शिस्त त्यांनी तेथे घालून दिली. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीच्या समितीत ते होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी असल्याचे त्या पाहणीत आढळले. बाकी बहुतेक भार सावकारावर होता. बँकेला तारण हवे. शेतकऱ्यापाशी होते ते उभे पीक. तेव्हा कर्जाची सांगड पिकाशी व त्याच्या विक्रीशी घातली पाहिजे, हा समितीचा निष्कर्ष होता.

हे केवळ कागदावरचे मत नव्हते. विठ्ठलराव विखे पाटलांसमवेत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारताना गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ऊस कारखान्याला जाई, तेव्हा त्याच्या किमतीतून कर्जफेड करून घेता येई. वसुलीची अशी शाश्वती असली, तर पुढचे कर्ज देण्यास संस्था कचरत नाही.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या सुमारास व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखांपैकी ग्रामीण शाखा अवघ्या १,८३३ होत्या. नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असलेल्या गाडगीळांच्या अभ्यासगटाने त्याच वर्षी, जिल्हा हा घटक मानून पतपुरवठ्याची आखणी करावी, अशी शिफारस केली. अग्रणी बँक योजना त्यातूनच आली.

३ मे १९७१ रोजी, दिल्लीहून पुण्याला परतताना, प्रवासातच त्यांचे निधन झाले. पुढील दोन दशकांत ग्रामीण शाखा तीस हजारांवर गेल्या. शाखा वाढल्या, तशी गुदामे, बाजारव्यवस्था आणि पाणी यांची जोड मात्र सर्वत्र मिळाली नाही. परिणामी अनेक ठिकाणी कर्ज थकले आणि माफीची मागणी पुढे आली. शाखा हे साधन होते; साध्य नव्हे. गाडगीळांच्या चरित्राचा हा धडा कर्जवाढीचे आकडे मोजणाऱ्यांनी विसरू नये.