एक्सप्लेनर : गिरणीत हात गमावलेला मुलगा 'बॉयकॉट'च्या चळवळीचा संस्थापक कसा झाला?

'बॉयकॉट' हा शब्द आपण सर्रास वापरतो. तो ज्या आयरिश चळवळीतून जगभर गेला, तिचे संस्थापक मायकल डेव्हिट. त्यांची जडणघडण मात्र इंग्लंडमधल्या हॅसलिंगडन या कापड गिरण्यांच्या गावात झाली.

आयर्लंड का सोडलं?
डेव्हिट यांचा जन्म १८४६चा, मेयो परगण्यातला. बटाट्याचं पीक बुडून तेव्हा भीषण दुष्काळ पडला होता. खंड थकला म्हणून १८५०मध्ये कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आलं. गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये मुलाची आईपासून ताटातूट होणार होती. आईने तिथे राहायला नकार दिला आणि कुटुंबाने लँकेशायर गाठलं. अशाच आयरिश स्थलांतरितांमुळे तिथल्या गिरणी-गावांत कॅथलिक पॅरिश, म्हणजे धर्मग्राम, वाढत गेले.

गिरणीत काय घडलं?
मायकल नवव्या वर्षी कामाला लागला. १८५७मध्ये, अवघ्या ११व्या वर्षी, त्याचा उजवा हात यंत्राच्या दातेरी चाकांत सापडला. हात कापावा लागला, भरपाई मात्र मिळाली नाही. पुढे एका स्थानिक कापड कारखानदाराच्या मदतीने तो मेथडिस्ट शाळेत शिकला. कॅथलिक घरातला मुलगा प्रोटेस्टंट मुलांसोबत वाढला. दुसऱ्या पंथाबद्दलचा आदर त्यांनी आयुष्यभर जपला.

चर्चवर हल्ले झाले तेव्हा?
१८६८मध्ये लँकेशायरमध्ये कॅथलिकविरोधी दंगली उसळल्या. चर्च वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या आयरिश तरुणांमध्ये डेव्हिट पुढे होते. त्याआधीच, १८६५मध्ये, ते सशस्त्र फेनियन चळवळीत शिरले होते. १८७०मध्ये शस्त्रं पुरवल्याच्या प्रकरणात त्यांना १५ वर्षांची सक्तमजुरी झाली. सात वर्षांनी ते सुटले.

'बॉयकॉट' कुठून आला?
१८७९मध्ये डेव्हिट यांनी 'लँड लीग' उभी केली. कुळांना संरक्षण आणि जमिनीची मालकी, ही मागणी. १८८०मध्ये मेयोतल्या कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळे व्यवहार तोडले. मजूर कामाला येईनात, दुकानदार माल देईनात. बंदुकीशिवायच्या या शस्त्राला त्याचंच नाव पडलं. १८८१ आणि १९०३च्या कायद्यांनी कुळांच्या मालकीची वाट मोकळी होत गेली.

भारताशी संबंध काय?
दादाभाई नौरोजींना आयर्लंडमधल्या जागेवरून ब्रिटिश संसदेत पाठवावं, असं डेव्हिट यांनी आयरिश नेते पार्नेल यांना सुचवलं होतं. ते जमलं नाही. १८९२मध्ये दादाभाई लंडनमधून निवडून गेले.

१९०६मध्ये डेव्हिट यांचं निधन झालं. ज्या स्ट्रेड गावातून कुटुंबाला हाकललं गेलं, तिथेच त्यांना दफन करण्यात आलं.