बाणेदार अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख

मंत्रिपद मिळाल्यामुळे माणसे मोठी होतात, असे आपण नेहमी पाहतो. मंत्रिपद सोडल्यामुळे मोठी झालेली माणसे मात्र विरळाच. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला शिकून १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तर १९५० मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. १९५२ साली कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले.

पुढे मुंबईचा प्रश्न पेटला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले. गिरगावपासून लालबाग-परळच्या गिरणगावापर्यंत लोक रस्त्यावर उतरले. गोळीबारात माणसे मेली. याच आठवड्यात, १९ जानेवारीला, आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतल्याची घोषणा चिंतामणरावांनी केली. एकीकडे आपल्या खात्याचे एवढे मोठे कार्य, तर दुसरीकडे आपल्याच सरकारच्या गोळ्या आपल्याच माणसांवर! त्यांच्या मनाची केवढी ओढाताण झाली असेल! त्यांनी राजीनामा देऊ केला. पण नेहरूंच्या आग्रहाखातर ते थांबले.

जूनमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात नेहरूंनी पुन्हा मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील, असे सांगितले. आता मात्र चिंतामणरावांनी माघार घेतली नाही. जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून त्यांनी लोकसभेत आपली बाजू मांडली. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न होताच जाहीर झाला, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली आणि महाराष्ट्राविषयी आकस दिसतो, असे त्यांचे आक्षेप होते. नेहरूंनी ते मान्य केले नाहीत.

हा वाद केवळ मुंबईपुरता नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. निर्णय साऱ्या मंत्रिमंडळाचा की एकट्या पंतप्रधानांचा, हा प्रश्नही तितकाच मोलाचा होता. नेहरूंची लोकप्रियता शिखरावर असताना तो विचारायला धैर्य लागते. चिंतामणरावांच्या पाठीशी ना पक्ष होता, ना फौजफाटा. होती ती विद्वत्ता आणि सचोटी.

त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी उच्च शिक्षणाची सेवा केली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तो अनेकांच्या लढ्यामुळे आणि हुतात्म्यांच्या रक्तामुळे. परंतु दिल्लीत सोडलेल्या त्या खुर्चीचाही त्यात वाटा आहे. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणराव निवर्तले.

ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशा आम्हा गिरणगावातल्या मुलांना परीक्षा म्हणजे नोकरीची किल्ली वाटते. चिंतामणराव मॅट्रिकला आणि आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. पण त्यांची खरी परीक्षा साठाव्या वर्षी झाली, आणि तिथेही ते उत्तीर्ण झाले. शिक्षणाने खुर्ची मिळते. ती कधी सोडावी हेही शिक्षणानेच कळले पाहिजे.