छोट्या तेरेजाची आई

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघर जातो तेव्हा कर्करोगाचे रुग्ण आम्हांला विचारतात, आता अंथरूणच धरायचे का? त्यांना आम्ही लिज्यूच्या संत तेरेजाच्या आईविषयी सांगतो.

झेली मार्टिन यांचा जन्म १८३१ सालचा. फ्रान्समधील अलांसों येथे त्यांचा लेसचा धंदा होता. कामकरी बाया घरी लेसचे तुकडे विणून दर गुरुवारी आणून देत. ते तुकडे, जोड दिसू न देता सांधण्याचे नाजूक काम झेली स्वतः करीत. १८७० मध्ये पती लुई यांनी घड्याळांचे दुकान सोडून याच धंद्याला हातभार लावला. नऊ मुलांपैकी चार दगावली, पाच मुली राहिल्या.

छातीतली गाठ १८६५ सालीच जाणवली होती. १८७६ च्या डिसेंबरात डॉक्टरांनी निदान केले, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. तरी लेसच्या मागण्या, मुलींना व भावाला पत्रे, पहाटेची मिस्सा चालूच राहिली. जून १८७७ मध्ये तीन मुलींना घेऊन त्या लूर्दला गेल्या, चार वेळा तिथल्या पाण्यात उतरल्या. गुण आला नाही. (अशा यात्रांविषयी आम्ही धर्मगुरू प्रवचनात फारसे बोलत नाही.) परतल्या त्या हसतमुखाने, आणि पुन्हा घराकडे वळल्या. सगळ्यांत मोठी काळजी होती हट्टी लेओनीची. ऑगस्टमध्ये वेदना असह्य झाल्या, तरी दुसऱ्याच्या आधाराने मिस्सेला गेल्या.

२८ ऑगस्टला, ४५ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. तेरेजा साडेचार वर्षांची होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये झेली व लुई यांना एकत्रच संत घोषित केले. लेओनीही पुढे धर्मभगिनी झाली.