फोटोत डोंगर छोटा का दिसतो? उत्तर ब्रेसाँच्या ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये आहे

ट्रेकला गेलात. समोर भलामोठा डोंगर. मित्राला पुढे उभं केलं आणि मोबाईलवर फोटो काढला. घरी येऊन बघता तर मित्राचा चेहरा फ्रेमभर आणि मागचा डोंगर वारुळाएवढा!

मोबाईल बिघडलेला नाही. हा सगळा खेळ लेन्सचा आणि तुम्ही उभे होतात त्या जागेचा आहे. हा खेळ ज्यांना नीट कळला होता त्या माणसाचं नाव ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या फोटोग्राफर्समध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. विशेष म्हणजे त्यांनी आपलं बहुतेक काम एकाच प्रकारच्या लेन्सवर केलं, ती म्हणजे ५० मिलिमीटरची साधी लेन्स. झूम नाही, फ्लॅश नाही.

ब्रेसाँचा जन्म २२ ऑगस्ट १९०८ चा. पॅरिसजवळचं शाँतलू हे गाव. घरचा सुताच्या धाग्याचा मोठा धंदा. पण पोराचं मन गल्ल्यावर रमणारं नव्हतं, त्याला चित्रकार व्हायचं होतं. १९२७ च्या सुमारास ते आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकायला लागले. लोत चित्रातल्या भूमितीबद्दल फार काटेकोर. रेषा कुठून कुठे जाते, रिकामी जागा किती सोडायची, नजर कुठे थांबते, हे सगळं ब्रेसाँ तिथे शिकले. हातात कॅमेरा यायच्या आधीच फ्रेम डोक्यात तयार झाली होती म्हणा ना.

१९३१ साली ते आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला गेले. तिथे तापाने असे आजारी पडले की जिवावर बेतलं. फ्रान्सला परतल्यावर त्यांच्या बघण्यात एक फोटो आला. मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोग्राफरने टिपलेली, टांगानिका तलावाच्या लाटांमध्ये धावत शिरणारी तीन मुलं. कॅमेरा असं काही पकडू शकतो हे बघून ब्रेसाँ हादरले. १९३२ मध्ये त्यांनी लायका कॅमेरा घेतला.

लायका हातात मावणारा कॅमेरा. स्टँड नको, की डोक्यावर काळं कापड नको. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून ब्रेसाँनी त्याच्या चमकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवली.

आता ५० मिलिमीटरचंच काय विशेष? हे एका सोप्या हिशोबाने समजून घेऊ.

अनेक मोबाईलचा मुख्य कॅमेरा जुन्या फिल्मच्या मापात साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे वाइड. समजा ५० मिलिमीटरच्या लेन्सने तुम्ही मित्राचा फोटो ४ मीटरवरून काढला. मित्र तेवढाच मोठा यावा म्हणून २५ मिलिमीटरच्या लेन्सला २ मीटरवर यावं लागेल. मित्र तुमच्या निम्म्या अंतरावर आला, पण डोंगर तर होता तिथेच आहे. त्यामुळे मित्राचं माप तेच राहतं आणि डोंगर निम्मा होतो. उलट लांबच्या टेलिफोटो लेन्ससाठी मागे जावं लागतं. मग मागचा डोंगर अंगावर आल्यासारखा भासतो.

थोडक्यात, जवळच्या-लांबच्या गोष्टींचं एकमेकांतलं नातं तुमच्या उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. कुठे उभं राहायचं हे मात्र बऱ्याचदा लेन्स ठरवते. ५० मिलिमीटर यातली मधली वाट आहे. तिच्यात काही फुगत नाही, काही चेपत नाही, म्हणून फोटो डोळ्याला ओळखीचा वाटतो.

पण लेन्स बदलायची नाही म्हटल्यावर हातात काय उरतं? पाय! पुढे जा, मागे या, गुडघ्यावर बसा, जिना चढा. १९३२ चाच त्यांचा एक फोटो घ्या. फ्रान्सच्या इएर गावात ते जिन्याच्या वरच्या बाजूला उभे आहेत. खाली वळत जाणारा जिना, त्याचा कठडा आणि रस्त्याची कड अशा सगळ्या रेषा एका जागी वळतात आणि नेमका तिथूनच एक सायकलवाला सर्रकन जातो. तो धूसर आलाय, पण त्याच्याशिवाय फोटो म्हणजे नुसता रिकामा जिना.

काढलेली फ्रेम नंतर कापायची नाही, हा त्यांचा दंडक. जे ठरवायचं ते बटण दाबायच्या आधी. गंमत म्हणजे त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोतच हा नियम मोडलाय. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा तो फोटो कुंपणाच्या फटीतून काढला होता. लेन्सचा काही भाग फळीआड गेल्यामुळे कडा कापावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ते जर्मनांच्या हाती लागले. पळून जायचे दोन प्रयत्न फसले, १९४३ मध्ये तिसरा यशस्वी झाला. इकडे अमेरिकेत ते मेले असं समजून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने स्मृतिप्रदर्शनाची तयारी चालवली होती. १९४७ मध्ये ते प्रदर्शन भरलं तेव्हा ब्रेसाँ स्वतः हजर होते! त्याच वर्षी रॉबर्ट कापा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मॅग्नम ही फोटोग्राफर्सची संस्था उभी केली.

त्यानंतर ते भारतात आले. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत त्यांनी गांधीजींची भेट घेतली. ते तिथून निघाले आणि काही वेळातच गांधीजींची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला हाऊसच्या फाटकावर नेहरू लोकांना ती बातमी सांगत होते. उजेड जेमतेम, फ्लॅश नाही. ब्रेसाँचा तो फोटो हललेला आहे, तरी त्या रात्रीची घालमेल त्यात उतरली आहे. आणि ५० मिलिमीटरची लेन्स लांबचा माणूस ओढून जवळ आणत नाही. रडणारा चेहरा हवा असेल तर त्या दुःखाजवळ स्वतः जावं लागतं.

त्याच वर्षीचा त्यांचा श्रीनगरचा फोटोही जगभर गाजला. हरी पर्वताच्या उतारावर प्रार्थना करणाऱ्या पाठमोऱ्या स्त्रिया, पलीकडे डोंगर आणि ढग. एकीचे हात पुढे पसरलेले. तिच्या हातांवर आख्खं आभाळ ठेवल्यासारखं वाटतं. माणसं आणि डोंगर दोघांनाही फ्रेममध्ये मान आहे. जागा चुकली असती तर यातलं एक कुणीतरी हरवलं असतं.

१९७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला आणि पुन्हा पेन्सिल हातात घेतली. ३ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते गेले.

वाइड लेन्स वाईट असते असा याचा अर्थ नाही. चिंचोळ्या गल्लीत तीच कामाला येते. पण पुढच्या ट्रेकला एक करून बघा. मोबाईलवर दोनपट झूम करा, म्हणजे तुम्ही साधारण ५० मिलिमीटरवर याल. मग मागचा रस्ता बघून मित्रापासून चार पावलं मागे सरका. डोंगर पुन्हा डोंगराएवढा दिसायला लागेल.