लष्करी खर्चाचा हिशेब मागणारे नामदार गोखले

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात अर्थसंकल्पावर चर्चा सुरू होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. तिजोरीत कोट्यवधी रुपयांची शिल्लक असल्याने सरकारी बाजूला समाधानाचे वातावरण होते. त्याच वेळी पुण्याहून आलेले ३५ वर्षांचे एक प्राध्यापक बोलण्यास उभे राहिले. ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून प्रजेवर गरजेपेक्षा अधिक कर लादल्याचा पुरावा आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. ते प्राध्यापक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. त्या दिवसापासून पुढे अनेक वर्षे लष्करी खर्च हा त्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणांचा गाभा राहिला.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर थोरल्या बंधूंनी काटकसर करून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीत रुजू झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात त्यांना सरकारी अहवाल आणि ताळेबंद बारकाईने वाचण्याची शिस्त लागली. अर्थशास्त्राचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी यांचेही मोलाचे साहाय्य त्यांना लाभले.

या अभ्यासाची पहिली मोठी कसोटी १८९७ मध्ये लंडन येथे लागली. भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला होता. दादाभाई नौरोजी आयोगाचे सदस्य होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर यांच्यासह गोखले यांनी आयोगापुढे साक्ष दिली. १८८५ च्या सुमारास रशियाच्या भीतीपोटी सैन्यात सुमारे ३० हजारांची भर घालण्यात आली होती. अॅबिसिनिया, इजिप्त आणि सुदानमधील मोहिमांत भारतीय फौजा साम्राज्याच्या कामासाठी समुद्रापार गेल्या, तरी त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा भारतीय रयतेच्या माथी आला. आयोगाने १९०० मध्ये दिलासा सुचवला. एडनच्या लष्करी खर्चातील हिस्सा, फौजांची सागरी वाहतूक, इतकेच नव्हे तर झांझिबार-मॉरिशस समुद्री तारेसाठी भारताकडून जाणारे अनुदान, या बाबी त्यात होत्या. मात्र या साऱ्याची एकत्रित वार्षिक रक्कम तीन लाख पौंडांहूनही कमी भरत होती.

याच दौऱ्यात गोखले यांच्यावर एक कटू प्रसंग ओढवला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांच्या वर्तनाविषयी त्यांनी मित्रांच्या पत्रांच्या आधारे इंग्लंडमध्ये आरोप केले. मायदेशी परतल्यावर त्या आरोपांना पुरावा देणे अशक्य असल्याचे दिसताच त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीही त्यांची निर्भर्त्सना केली आणि सार्वजनिक जीवन संपुष्टात येण्याची वेळ आली. पुढील काळात त्यांच्या भाषणांत सरकारी कागदपत्रांतून पडताळता येणार नाही असा आकडा क्वचितच आढळे.

त्यांच्या हाती दुसरे साधनही नव्हते. १८९२ च्या कायद्यानुसार सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, प्रश्न विचारता येत. परंतु उपप्रश्न विचारण्याची वा कोणत्याही रकमेवर मतदान करण्याची मुभा नव्हती. सरकारी बहुमत कायमचेच होते. म्हणून गोखले यांनी हिशेबालाच शस्त्र केले. रुपयाचा विनिमय दर घसरल्यामुळे बसवलेले कर दर १६ पेन्सांवर स्थिरावल्यानंतरही कायम राहिले, हे त्यांनी मांडले. दक्षिण आफ्रिका आणि चीनकडे रवाना झालेल्या फौजांमुळे वाचलेला खर्चही शिलकीत मिसळला होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. भारताच्या संरक्षणास धक्का न लागता एवढे सैन्य परदेशी पाठवता येत असेल, तर ते देशाच्या गरजेहून अधिक ठरते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष टाळणे सरकारला अवघड होते.

संरक्षणाचे महत्त्व गोखले नाकारत नव्हते. शांततेच्या काळातही सैन्य जवळपास युद्धकाळाइतके उभे ठेवण्याऐवजी अल्पमुदतीची सेवा आणि राखीव दल ही पद्धत स्वीकारावी, तसेच अधिकारपदे भारतीयांना खुली करावीत, अशी त्यांची मागणी होती. सरसेनापती लॉर्ड किचनेर यांच्या सैन्य-पुनर्रचनेवर मोठा खर्च होऊ लागला तेव्हा त्यांनी विरोध तीव्र केला. जपानकडून रशियाचा पराभव झाल्यानंतर वायव्य सरहद्दीवरील धोक्याचे कारण पुढे करता येणार नाही, हा मुद्दा त्यांनी १९०६ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि रशिया यांच्यात करार झाला.

लष्करावरील प्रत्येक रुपया ते मिठाशी आणि शाळेशी ताडून पाहत. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ मध्ये ५०० वरून १००० रुपयांवर नेण्यात आली. ही त्यांच्या चिकाटीची फळे मानली जातात. शिक्षणाच्या बाबतीत मात्र यश आले नाही. १९११ मध्ये त्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षण विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

१९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा अधिकार दिला. पण लष्करी खर्चाची खाती त्यातून वगळण्यात आली. तरीही जानेवारी १९११ मध्ये वाढत्या सार्वजनिक खर्चाच्या चौकशीसाठी गोखले यांनी ठराव मांडला. १९१२ मध्ये सरकारनेच फील्ड मार्शल निकल्सन यांच्या अध्यक्षतेखाली सैन्याचा आकार आणि खर्च तपासण्यासाठी समिती नेमली. त्यानंतर दोनच वर्षांत महायुद्धाला तोंड फुटले. भारतीय जवान फ्रान्स आणि मेसोपोटेमियाच्या रणभूमीवर उतरले आणि त्यांचा नेहमीचा खर्च पुन्हा भारतीय तिजोरीवरच राहिला. युद्ध सुरू असतानाच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या ४८ व्या वर्षी गोखले यांचे निधन झाले.

लष्करी खर्चावर लोकप्रतिनिधींचे मत घेण्याची तरतूद ब्रिटिश राजवट संपेपर्यंत झाली नाही. आज संरक्षण मंत्रालयाच्या मागण्या लोकसभेत मतास येतात, संसदेची स्थायी समिती त्यांची छाननी करते आणि लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा जाब विचारते. मताचा अधिकार नसताना ज्या प्रश्नांची सवय नामदार गोखले यांनी सरकारला लावली, त्यांना आज घटनेचे बळ आहे. ते प्रश्न तितक्याच अभ्यासाने विचारणे, हे आता सभागृहांत बसणाऱ्यांचे काम आहे.