नाव न ठेवलेल्या बाळाचं चित्र

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा सासूबाईंनी न्हाणीघरात गरम पाणी काढून ठेवलं होतं, मऊ भात केला होता. सगळे मायेनं वागले. पण त्या दिवसानंतर घरात कुणी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. जे जन्मलंच नाही त्याचं बारसं नाही, नाव नाही आणि तेरावंही नाही. मग रडायचं तरी कुणासाठी, असं माझं मलाच वाटायचं.

पुष्कळ वर्षांनी वाचनालयात पुस्तक चाळताना फ्रिडा काहलो या चित्रकर्तीचं एक चित्र समोर आलं आणि मी तिथंच खुर्ची ओढून बसले. मग तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले.

फ्रिडाचा जन्म ६ जुलै १९०७ चा, मेक्सिको शहरालगतच्या कोयोआकानचा. सहाव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. तरी मुलगी मोठी हुशार; डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं. १७ सप्टेंबर १९२५ ला ती ज्या बसमधून घरी निघाली होती तिला ट्रामनं धडक दिली. एक लोखंडी दांडा तिच्या कमरेतून आरपार गेला. पाठीचा कणा, कटीची हाडं, पाय, सगळंच मोडलं. वय अवघं अठरा. अंथरुणाला खिळलेल्या लेकीला झोपल्या झोपल्या चित्रं काढता यावीत अशी सोय आईनं करून दिली, पलंगावर आरसा बसवला. आरशात दिसायची ती स्वतःच. मग तिनं स्वतःलाच रंगवायला घेतलं.

१९२९ साली तिनं नामवंत चित्रकार दिएगो रिव्हेराशी लग्न केलं. तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा. पुढच्याच वर्षी तिला दिवस गेले, पण अपघातात मोडलेल्या हाडांमुळे डॉक्टरांना गर्भ काढावा लागला. १९३२ मध्ये दिएगो अमेरिकेत डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाच्या भिंती रंगवत होता, तेव्हा तिला पुन्हा दिवस राहिले. तिची फार घालमेल झाली. परका देश, शरीराची भीती, नवऱ्याला मुलाची फारशी हौस नाही. आधी तिला मूल नको वाटलं, मग तिनं ते ठेवायचं ठरवलं. आणि ४ जुलैला ते गेलं. तेरा दिवस ती हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये होती.

आपलं बाळ कसं दिसलं असतं ते कागदावर काढायचं म्हणून तिनं वैद्यकीय पुस्तकं मागितली. डॉक्टरांनी नकार दिला. अखेर दिएगोनं एक पुस्तक आणून दिलं.

मी पाहिलं ते चित्र तिनं त्याच वर्षी रंगवलं. धातूच्या लहानशा पत्र्यावर, उजाड माळावर एक लोखंडी पलंग. त्यावर ती विवस्त्र, चादरीवर रक्त, गालावर एक मोठा अश्रू. हातात सहा लाल फिती आणि त्यांच्या टोकांना बाळ, गोगलगाय, कटीचं हाड, फूल अशा वस्तू. गोगलगाय कशासाठी? तर ते सारं किती सावकाश, जीव खात घडलं हे सांगण्यासाठी. दूर क्षितिजावर कारखाने.

आपल्याकडे नवस फेडताना देवाला पाळणा वाहतात, तशी मेक्सिकोत संकटातून वाचल्यावर पत्र्यावर चित्र काढून देवळात लावायची रीत आहे. त्यात वर आकाशात एखादा संत असतो. फ्रिडानं तीच रीत उचलली, मात्र तिच्या आकाशात कुणीच नाही.

त्याच सप्टेंबरात तिची आईही गेली. १९३४ मध्ये पुन्हा गर्भ काढावा लागला. तिला मूल झालं नाही. तिनं बाहुल्या जमवल्या, माकडं पाळली, चित्रं काढत राहिली. १३ जुलै १९५४ ला ती गेली, तेव्हा ४७ वर्षांची होती.

फ्रिडाच्या बाबतीत कारण तिच्या हाडांमध्ये शोधता येईल. आपल्या घरांत मात्र कारण बाईच्या वागण्यात शोधलं जातं. पपई खाल्ली असेल, बादली उचलली असेल. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी दहा ते वीस अशी संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. सर्वांत जास्त वेळा कारण असतं ते गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष. त्यात आईचा अपराध नसतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर कितीतरी रात्री मी स्वतःला बोल लावत जागले नसते. शरीर महिन्याभरात सावरतं, मनाला वेळ लागतो. झोप उडाली, कशातच जीव लागेनासा झाला, तर त्यासाठीही डॉक्टरकडे जायला हवं.

मध्यंतरी माझ्या भाचीच्या बाबतीत असंच झालं. भेटायला गेले तेव्हा होईल पुन्हा, असं म्हणायचं मी टाळलं. शेजारी बसून इतकंच विचारलं, की बाळाचं काही नाव मनात होतं का. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं नाव सांगितलं.